पट्टीचा कागद

विक्कीनं दोन पोती दारात अशी आदळली की पांढरी पावडर उडून माझ्या तोंडावर आली.

"तात्या, माल परत आलाय. सगळा लॉट रिजेक्ट. शेटनं सगळ्यांच्या देखत माझी बिनपाण्यानं केली."

म्या हातातलं ब्लेड खाली ठिवलं. ह्या विक्कीचं शेंबडं नाक म्या पुसलंय. माझ्या बांधावरचं पेरू चोरताना त्याला दोनदा झाडावरनं उतरवलाय. आन् आता हा टेंपोतनं उतरून मला माल कसा कापायचा ते शिकवणार. पर करता काय? काम त्याच्या हातात व्हतं.

काम काय, तर रबरी रिंगा. बोटात बसतील एवढ्या. साच्यातनं निघताना कडेला पातळ पापुद्रा ऱ्हातो, त्याला ते फ्लॅश म्हणत्यात. तो ब्लेडनं गोल कापून काढायचा, पर रिंगेला चीर जाता कामा न्हाई. ती कुठल्या तरी गाडीच्या ब्रेकात बसती. चीर असली की तेल गळतं, आन् मंग गाडीत बसलेल्या माणसाचं काय व्हायचं ते देव जाणे. हे बायकांचं काम. आमच्या निघोजे गावात दर तिसऱ्या घरात बाया ह्या रिंगा घिऊन बसलेल्या असत्यात. गडी माणूस मी एकलाच. पहिल्या दिवशी शेजारच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. आता हसत न्हाईत, सवय झाली.

घरात आमी चौघं. मी, पोरगा ज्योतीराम, सून वर्षाली आन् नात तनुजा, सात वर्षांची. जमीन एमायडीसीत गेली. ती कशी गेली ते आज सांगत न्हाई, त्याला येगळा दिवस लागंल. ज्योतीराम ठेकेदाराकडनं एका कंपनीत प्रेसवर व्हता. फाल्गुनात त्याला ब्रेक दिला. सात महिने काम आन् मंग ब्रेक, ही रीतच हाय, पर यंदा ब्रेकनंतर परत बोलावणंच आलं न्हाई. रोज सकाळी डबा घिऊन तो चाकणला मजुरांच्या नाक्यावर उभा ऱ्हायचा आन् अर्ध्याअधिक दिवशी तोच भरलेला डबा घिऊन दुपारी परत यायचा. डबा वर्षालीच्या हातात देताना तिच्याकडं बगायचा न्हाई. तवा घर चालत व्हतं ते ह्या रिंगांवर.

"एवढं काय वाईट कापलंय आमी?" वर्षालीनं इचारलं.

विक्कीनं पोत्यातनं एक रिंग काढून तिच्या हातावर ठिवली. "ह्यात चीर हाय वैनी. दाखवा कुठं हाय ती."

वर्षालीनं उजेडात धरली, फिरवली. दिवसभर रिंगा बगून तिचं डोळं लालबुंद झालेलं. तिला गावंना. म्या घेतली. मला लांबचा डोंगर दिसतो, पर हातातलं दिसत न्हाई. शिबिरात मोतीबिंदू काढला तवापास्नं असंच.

"एवढीशी चीर दिसत न्हाई आन् माल पास करून देता," विक्की म्हणाला. "परत असं झालं तर शेट दुसरं घर बगायला सांगतोय. मी कितीदा मधी पडू?"

तवा तनुजा कोपऱ्यात बसली व्हती. डोळ्यावर तो जाड चष्मा, मागनं इलॅस्टिकनं बांधलेला, आन् चष्म्याच्या आत उजव्या डोळ्यावर चिकटपट्टी. ती उठली, चाचपत आली, माझ्या हातातली रिंग घेतली. चष्मा कपाळावर सारला. पट्टीचं टोक धरून सर्रकन उपटली, भुवईचं दोन केस संगती आलं तरी हूं का चूं न्हाई. मंग रिंग तोंडापास्नं बरोबर वीतभर लांब धरली.

"ही काय. केसाएवढी हाय."

विक्कीनं तिथं रिंग वाकवली. चीर उघडली.

"आयला! तात्या, घरात चेकर बसवून ठिवलाय आन् तुमी माझ्या शिव्या खाताय व्हय?"

आमी सगळी हसलो. किती तरी दिवसांनी हसलो. मला पोरीचा असा अभिमान वाटला म्हणून सांगू. ज्या डोळ्यांपायी आमी दवाखान्याच्या पायऱ्या झिजवल्या, त्याच डोळ्यांनी आज घराची लाज राखली, असं वाटलं मला.

पोरीला मोतीबिंदू, हे ऐकून लोकं म्हणायची, तात्याबा, मोतीबिंदू म्हाताऱ्याला व्हतो, तुमचं काय तरीच. पर तिला जन्मापास्नं व्हता. तीन वर्षांची झाली तवा एका लग्नात फटू काढला, त्यात तिच्या डाव्या डोळ्यात दुधावाणी पांढरं दिसलं. उजव्यात बी व्हता, थोडा. दोन्ही डोळ्यांची आपरेशनं झाली, आत भिंगं बसवली. मला वाटलं सुटली पोरगी. माझं तसंच झालं व्हतं. एक दिवस हिरवी पट्टी, पंधरा दिवस काळा गॉगल, खलास.

पर दवाखान्यातल्या स्वरूपा मॅडम म्हणाल्या, "आजोबा, तुमचा डोळा वाढायचा थांबलाय. हिचा वाढतोय. आत बसवलेलं भिंग आहे तेवढंच राहणार आणि डोळा लांब होत जाणार. म्हणून हिला आता लांबचं कमी दिसायला लागलंय, आणि नंबर बदलतच राहील. दर तीन महिन्यांनी आणा. चष्मा सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत. आणि उजव्या डोळ्यावर रोज चार तास पट्टी. डाव्या डोळ्याला बघायची सवयच लागलेली नाही. उजवा झाकला तर डावा शिकेल. आठ-नऊ वर्षांची होईपर्यंत शिकला तर शिकला. त्यानंतर कितीही नंबर द्या, तो शिकत नाही."

आन् ह्या संक्रांतीला त्यांनी सहा कागद दिलं. एका महिन्याला एक. कागदावर चौकोन, रोजचा एक. ज्या दिवशी चार तास पट्टी लावली त्या दिवशी चौकोनात खूण करायची.

हे सगळं मला कळलं व्हतं. कळलं न्हाई असं आता म्हणणार न्हाई.

ती दोन पोती तनुजानं चार दिवसांत पुन्यांदा बघून काढली. शाळंला सुट्टी लागलेली. दिवस उगवला की ती दाराशी उजेडात मांडी घालून बसायची. मी आन् वर्षाली कापायचो, ती बगायची. चष्मा लावून तिला तेवढं बारीक दिसत न्हाई म्हणायची. चष्म्याला पावडर बसायची, घामानं तो घसरायचा, पुसून पुसून काचंवर ओरखडं पडलं व्हतं. बिनचष्म्याचं वीतभरावर तिला लख्ख दिसायचं. वीतभराच्या अलीकडं न्हाई, पलीकडं न्हाई. चष्मा खराब नको व्हायला म्हणून म्या तो स्टीलच्या डब्यात घालून फळीवर ठिवला. आन् पट्टी तर लावायची चांगल्याच डोळ्यावर. चांगला डोळा झाकला की चेकर बंद, चेकर बंद की माल बंद.

"मामंजी, पट्टीचं काय?" वर्षालीनं पहिल्या दिवशी इचारलं.

"जेवण झाल्यावर लावू."

जेवण झालं की पोरगी दमून जिथल्या तिथं आडवी व्हायची. पत्रा नुसता तापलेला. माझ्याच धोतराच्या टोकानं म्या तिच्या मानेचा घाम पुसायचो आन् म्हणायचो, झोपू दे लेकराला. उठली की पुन्यांदा पोतं. आठ-धा दिवसांनी वर्षालीनं इचारायचं सोडलं. म्या ओळखलं की तिनं सोडलंय. मला बरंच वाटलं.

माल परत येईना. विक्की पोतं टाकताना तनुजाला चॉकलेट द्यायला लागला. "चेकर मॅडम, सही करा," म्हणायचा. बाकीच्या घरांचं काम कमी झालं, आमचं वाढलं. आधी आठवड्याला दोन पोती यायची, आता पाच. ज्योतीराम नाक्यावरनं आला की तो बी ब्लेड घिऊन बसायचा, मान खाली घालून. एकदा म्हणाला, "आबा, पोरीचा चष्मा कुठाय?" म्या म्हटलं, "हाय फळीवर, नीट ठिवलाय." त्याला बी पुढं बोलवंना. भरलेला डबा परत आणणाऱ्या माणसानं कुणाला काय इचारावं!

कागद मातर म्या कोरा ठिवला न्हाई. सुट्टीच्या आधी बी पट्टी लावली की घटकाभरात तनुजा ती उपटायची आन् आमी उपटू द्यायचो, पर खूण तवापास्नंच पुरी.

त्याचं असं हाय. एका वर्षी गारा पडल्या, तवा पंचनाम्याला एक साहेब आला. बांधावर पाय न ठिवता, ओट्यावर चहा पिऊन गेला. माझा कागद पुरा व्हता, मला भरपाई मिळाली. माझ्या चुलत्याचा कांदा पार भुईसपाट, पर त्याच्या कागदावर एक सही कमी, त्याला छदाम मिळाला न्हाई. जमीन गेली तवा बी हेच बगितलं. उभ्या पिकाला कुणी बगत न्हाई, कागदाला बगत्यात. हे माझ्या हाडात बसलंय. म्हणून रोज संध्याकाळी मी पेन काढायचो आन् त्या दिवसाच्या चौकोनात झोकात खूण करायचो.

तनुजा बगायची. एकदा म्हणाली, "आबा, आज तर लावलीच न्हाई."

"गप. पुरी खूण केली की झालं. मॅडमला काय कळतंय?"

ती तोंडावर हात ठिवून हसली. आमचं दोघांचं गुपित झालं ते. पुढं पुढं तीच पेन आणून द्यायची.

वैशाखात एक दिवस मी तिला घिऊन दूध आणाय निघालो. रस्त्याच्या पल्याड ज्योतीराम नाक्यावरनं उतरला व्हता, हातात डबा. त्यानं हात वर केला.

"बग, पप्पा आला तुझा," म्या म्हटलं.

"कुठंय?"

"अगं तो काय समोर, निळा शर्ट."

ती माझा हात सोडून पळाली. निळ्या शर्टाकडंच पळाली, पर तो निळा शर्ट दुसराच. कुठल्या तरी कंपनीचा गडी, बसची वाट बगत उभा. तिनं जाऊन त्याचं बोट धरलं आन् वर बगून "पप्पा" म्हणाली. तो गडी दचकला. मागनं कंटेनर आला, हॉर्न मारत. त्या गड्यानंच तिला खेचून कडेला घेतली म्हणून बरं.

मी धावत गेलो. भ्यालो व्हतो, आन् भ्यालेला माणूस काय बोलतो त्याला सुमार नसतो. म्या तिच्या पाठीत एक धपाटा घातला. "डोळं फुटलं का गं तुझं? बाप वळखू येत न्हाई?"

ज्योतीराम तवर रस्ता वलांडून आलेला. त्यानं ऐकलं. पोरीला उचलून खांद्यावर घेतली आन् तडक घराकडं चालला. घरी जाऊन फळीवरनं डबा काढला, चष्मा तिच्या डोळ्यावर बांधला. त्या दिवशी चष्मा ऱ्हायला. दुसऱ्या दिवशी विक्की तीन पोती टाकून गेला, संध्याकाळी परत न्यायची घाई व्हती. चष्मा परत डब्यात गेला. कुणी ठिवला? म्याच ठिवला.

तीन महिन्यांची तारीख गेली, माल व्हता. सुट्टी संपायच्या आधी तरी दाखवून आणू म्हणून शेवटी मी तिला घिऊन निघालो. तवर मागल्या तपासणीला पाच महिनं झालं व्हतं. वर्षालीला यायचं व्हतं, पर पोतं अर्ध ऱ्हायलं व्हतं. बशीत तनुजा खिडकीशी बसली. चष्मा लावून बी ती बाहेर न बगता खिडकीच्या काचंवरचा ओरखडा बगत व्हती. म्या पिशवी मांडीवर घट्ट धरलेली. पिशवीत आधार कार्ड, दवाखान्याची फाईल आन् ते पाच कागद, एक बी चौकोन रिकामा न्हाई.

तपासणाऱ्या पोरीनं आधी तिचा डावा डोळा झाकला. चष्म्यातनं उजव्यानं तनुजानं वरच्या दोनच ओळी वाचल्या. मंग उजवा झाकला.

"वरचं सगळ्यात मोठं अक्षर सांग बाळा."

तनुजानं मान इकडंतिकडं फिरवली.

"दिसतंय का काही?"

"पांढरं हाय," ती म्हणाली.

त्या पोरीनं पुढं यून हातभरावर बोटं धरली. "किती?" तनुजानं माझ्याकडं तोंड वळवलं, जसं काय मी हळूच सांगणार हाय. दोन व्हती. ती चार म्हणाली.

पर तवा बी, खोटं कशाला सांगू, मनात पहिलं हेच आलं की कागद पुरा हाय.

स्वरूपा मॅडमनी बराच येळ तपासलं, यंत्रात डोळं धरून, बॅटरी मारून. मंग खुर्ची माझ्याकडं वळवली. "उशीर केलात आजोबा. उजव्याचा नंबर फार वाढलाय, हा चष्मा पुरतच नाही. नवा देते. पण डावा..." त्यांनी कागद मागितलं. एकेक उलटून बगितलं. पाचही.

"एकही दिवस चुकला नाही?"

"न्हाई मॅडम."

"तुम्ही स्वतः लावत होता?"

"व्हय."

त्यांनी सोताचा चष्मा काढून टेबलावर ठिवला, डोळं चोळलं. बाई दमलेली व्हती. "मग आता मी तुम्हाला खरं सांगते. इतक्या नेमानं पट्टी लावूनही डोळा तसूभर पुढं आलेला नाही. उलट मागं गेलाय. म्हणजे त्याची कुवत तेवढीच. आता तिला आणखी त्रास देण्यात अर्थ नाही. पट्टी बंद करू. एकच डोळा आहे असं समजून उजवा जपायचा." फाईलवर त्यांनी लिहिलं. लिहिता लिहिता म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नका. तुमच्याकडून काही कमी पडलेलं नाही. असा कागद मला वर्षात एखाददुसराच बघायला मिळतो."

सांगू का, मला आधी हलकं वाटलं. सुटलो बुवा, असं वाटलं. पट्टी न्हाई, म्हंजे चोरी बी न्हाई.

मी उठलो तवा मॅडम म्हणाल्या, "बाहेर बाकावर एक बाई बसलीय, तान्ही मुलगी घेऊन. पट्टीला कंटाळलीय. तिला तुमचे हे कागद दाखवा. तुमच्यासारख्यांनी सांगितलं की पटतं."

बाई म्हंजे पोरसवदाच. विजयश्री नाव. लातूरकडची, नवरा ताथवड्याला नव्या बिल्डिंगींवर सेंट्रिंगच्या कामाला. मांडीवर दहा महिन्यांची पोर, तिच्या नाकावर बाहुलीचा असावा एवढासा चष्मा. पोर रडत सारखा तो वडत व्हती आन् आई सारखी परत बसवत व्हती. पोरीच्या गालाला पट्टीच्या डिंकानं चट्टा पडलेला.

म्या कागद पुढं केलं. तिनं आधी हात लुगड्याला पुसलं, मंग घेतलं.

"अगं बाई, एकबी दिस चुकला न्हाई!" तिनं तनुजाकडं बगितलं. "बाबा, आमचं लेकरू पट्टी लावली की नुसतं रडायलंय बघा. पार काळंनिळं व्हायलंय. तुमची नात किती दिस रडली हो? कवा सवय झाली?"

मला काय म्हाईत, किती दिस रडती ते? मी लावून ठिवलीच न्हाई तर ती रडंल कशी? तनुजानं तोंड उघडलं, "आमी तर..." म्या तिचा हात दाबला. जोरात दाबला.

"रडत्यात," म्या म्हटलं. "मंग ऱ्हात्यात."

"आता आला असंल की डोळा नातीचा?"

"न्हाई आला."

बाईचं तोंड उतरलं. तिनं कागद पुन्यांदा बगितलं, पहिल्यापास्नं शेवटापतुर, बोट फिरवत. "एवढं करून बी न्हाई आला?"

म्या मान हलवली.

तिनं कागद माझ्या हातात दिलं. मंग पोरीच्या डोळ्यावरची पट्टी हळूहळू, थुंकी लावून भिजवत भिजवत काढली. घडी केली. पिशवीतलं पट्ट्यांचं पाकीट बाहेर काढलं आन् माझ्या शेजारी बाकावर ठिवलं. "कशाला छळायचं मंग लेकराला," ती सोताशीच म्हणाली. पोर रडायची थांबली. चष्म्यातनं आईकडं बगून हसली.

आन् तिथं मला कळलं. माझ्या नातीचा डोळा म्या घालवला ते घालवला, आता माझ्या ह्या कागदानं हिच्या पोरीचा जाणार. जिला मी वळखत न्हाई, तिचा.

"बाई, ते पाकीट उचला," म्या म्हटलं.

"आं?"

"उचला म्हणतो ना! लावा पट्टी तिला. हे कागद खोटं हायेत. आमी पट्टी लावलीच न्हाई. म्या घरी बसून खुणा केल्या."

ती माझ्याकडं बगतच ऱ्हायली. मंग तनुजाकडं बगितलं. मंग पोरीला छातीशी धरून दोन हात लांब सरकली, माझ्यापास्नं. पर पाकीट तिनं उचललं. ते म्या बगितलं.

मी परत दाराशी गेलो तर शिपाई आडवा. "मामा, तुमचं झालंय. नंबर दुसऱ्याचा हाय." म्या म्हटलं, थांबतो. सगळी माणसं संपंपतुर थांबलो. तनुजाला भूक लागली, बिस्कीट दिलं. दोन वाजता आत गेलो आन् मॅडमला सांगिटलं. उभ्यानंच सांगिटलं. रिंगा, चेकर, डबा, सगळं.

त्या वरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी ते पाच कागद परत मागितलं आन् एकावर एक नीट रचलं.

"आजोबा, मी तपासते ते निम्मं, निम्मं तुम्ही सांगता ते. तुमच्या कागदावर विश्वास ठेवून मी या मुलीचा एक डोळा सोडून दिला होता."

"व्हय मॅडम."

"साडेसात वर्षांची आहे. पाच महिन्यांपूर्वी ज्या गोष्टीला चार तास पुरले असते, तिला आता सहा लागतील, आणि तरी मी खात्री देत नाही. येईल, नाही येणार. नवा चष्मा, दिवसभर. जवळच्या कामाला चष्म्याचा खालचा भाग, तोही काढायचा नाही." फाईलवरचं त्यांनी खोडलं. नवा कागद दिला. "रिकामा आणलात तरी चालेल. खोटा आणू नका."

घरी आलो. वर्षालीला सगळं सांगिटलं. मला वाटलं, ही आता भांडंल, टाहो फोडंल. ती ब्लेड हातात घिऊन तशीच बसली व्हती.

"मला ठावं व्हतं," ती म्हणाली. "तुमी रोज खुणा करायचा, मी चुलीपास्नं बगायची. माझ्याच्यानं बोलवलं न्हाई. पोतं जाईल म्हणून बोलवलं न्हाई." आन् मंग तिनं ते ब्लेड असं फेकलं की पत्र्यावर आपटून खाली पडलं. ज्योतीराम भिंतीकडं तोंड करून बसला. त्याचं खांदं हलत व्हतं. पोराला म्या लहानपणानंतर रडताना बगितलं नव्हतं.

नवा चष्मा आठ दिवसांनी आला. सकाळी म्या तनुजाच्या उजव्या डोळ्यावर पट्टी लावली, वरनं चष्मा बांधला, आन् तिला ओट्यावर बसवली. घरात तीन पोती तपासायची पडलेली. धा वाजता टेंपो आला.

"काय तात्या, माल तयार? आमची चेकर मॅडम कुठाय?" विक्कीनं खालनंच हाळी दिली.

"काका, मी हितं हाय," तनुजा म्हणाली. उठून उभी ऱ्हायली आन् दोन्ही हात पुढं करून निघाली. विक्की टेंपोपाशी उभा, आन् ती चालली पाण्याच्या पिंपाकडं. पिंपाला हात लागला तवा थांबली आन् पिंपाकडं बगून हसली.

विक्की मोठ्यांदा हसला. "आंधळी कोशिंबीर खेळतीस व्हय गं?"

वर्षालीचा हात तोंडावर गेला. विक्कीनं आमच्या तोंडांकडं बगितलं, पोरीकडं बगितलं, आन् त्याचं हसू विरघळून गेलं. पोरगा वाईट न्हाई तो.

"माल तपासला न्हाई," म्या म्हटलं. "आता ती तपासणार न्हाई."

"तात्या, मग मला पोती न्यावी लागतील. शेट मला खाईल."

"ने."

ज्योतीरामनंच ती पोती उचलून टेंपोत टाकली. शेजारच्या दारात उतरवल्याचा आवाज आमाला ऐकू आला.

त्यानंतर पोरीनं रडायला सुरुवात केली. पट्टी काढा, मला काय दिसत न्हाई, मला भ्या वाटतं. ती पट्टीला हात घालायची, मी हात धरायचो. तिनं माझ्या मनगटाला कडकडून चावा घेतला, रक्त आलं, तरी म्या सोडलं न्हाई. मंग ती वरडंना. नुसती हुंदकं देत, त्या डाव्या डोळ्यानं माझ्या तोंडाकडं बगत ऱ्हायली, आन् मी तिथं हाय का न्हाई ते तिला कळत नसावं, कारण एक हात तिनं माझ्या गालावर ठिवला व्हता. म्या पट्टी काढली.

विजयश्रीनं इचारलं व्हतं, किती दिस रडती. आता मला कळायला लागलं व्हतं.

संध्याकाळी म्या नवा कागद काढला. पहिल्या चौकोनात खूण केली न्हाई. 'वीस मिनिटं' असं लिहिलं. सहा तासांपैकी वीस मिनिटं.

तनुजा चष्मा लावून शेजारी यून बसली. सुजलेल्या डोळ्यांनी तिनं कागदावर वाकून बगितलं.

"आबा, पुरी खूण कर की," ती हळूच म्हणाली, आन् तोंडावर हात ठिवला. "मॅडमला काय कळतंय?"